कटाचा संशय आणि कागदाची साक्ष

बनावट सनद, खोटा महजर किंवा मागाहून घुसडलेला श्लोक ओळखण्याचा अभ्यास या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. शिक्का जुळत नाहीं, कागद मागाहूनचा आहे, तिथि-वारांचा मेळ बसत नाहीं, अशा खुणांनीं निखालस खोटें दप्तर लौकर उघडें पडतें. संशोधकाची खरी परीक्षा होते ती अर्ध्या खऱ्या कटाच्या वेळीं. ज्या कटकथेंत एक तरी कागद अस्सल असतो, एक तरी माणूस खरोखरच गुप्तपणें वागलेला असतो, ती कथा विश्वासार्ह वाटते. आणि मग तिच्यांतील शेवटचें विधान पहिल्या विधानाच्या पुण्याईवर खपून जातें.

'ध चा मा' हें याचें आपल्या घरचें उदाहरण. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला, हें निर्विवाद. राघोबादादांचा त्या कटाशीं संबंध होता व रामशास्त्र्यांनीं त्यांस दोषी धरिलें, हेंही सर्वश्रुत आहे. परंतु 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' करून आनंदीबाईनें तें कृत्य घडविलें, हा जो शेवटचा दुवा, तो बखरी व लोकवार्ता यांच्याच आधारावर उभा आहे. खून खरा, कट खरा, आणि त्या दोहोंच्या आश्रयानें एका स्त्रीच्या हातीं दिलेली लेखणी तेवढी अप्रमाणित! हा क्रम ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

प्रस्तुत लेखाचा विषय परदेशचा व बराच अलीकडचा आहे. अमेरिकेंतील स्त्रीवादी चळवळींत कटाचे आरोप कसे उत्पन्न झाले, आणि 'लिंगभाव-ओळख' म्हणजे स्वतःस स्त्री वा पुरुष मानण्याची आंतरिक जाणीव, या विषयावरील मतभेदांत त्या आरोपांनीं कसा शिरकाव केला, हें आम्हीं येथें पाहण्याचें योजिलें आहे. हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, येथें दोन्ही पक्षांचे कागद छापलेले आहेत, आरोपितांचीं स्वतःचीं उत्तरें उपलब्ध आहेत, आणि सरकारचें गुप्त दप्तरही पुष्कळसें उघडें झालेलें आहे. इतकी सामग्री एकत्र क्वचितच मिळते. शिवाय हा नुसता पांडित्याचा प्रश्न नाहीं. त्या आरोपांमुळें जिवंत माणसांची अब्रू गेली, काम गेलें, आणि ज्या संस्था त्यांनीं उभारल्या त्यांतून त्यांस बाहेर पडावें लागलें.

१. कोळ्याच्या जाळ्याचा तक्ता

अमेरिकेंत स्त्रियांस मताचा हक्क घटनेच्या १९ व्या दुरुस्तीनें १९२० सालीं मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९२३ सालीं, तेथील युद्धखात्याच्या रासायनिक युद्ध विभागांत ग्रंथपालाचें काम करणाऱ्या ल्यूशिआ मॅक्सवेल यांनीं एक तक्ता तयार केला. स्त्रियांच्या प्रमुख संस्था व त्यांतील कार्यकर्त्या यांचीं नांवें देऊन त्यांमध्यें रेघा ओढलेल्या होत्या. आणि हें सारें जाळें आंतरराष्ट्रीय समाजसत्तावादाचें अंग आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. स्त्री-मतदारांचा संघ, मद्यनिषेधक स्त्रियांचा संघ, शांततावादी स्त्रियांचा संघ, अशा परस्परांहून अगदीं भिन्न प्रकृतीच्या संस्था त्यांत एका माळेंत ओवल्या होत्या. १९२४ च्या मार्चमध्यें हेन्री फोर्ड यांच्या मालकीच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकानें तो तक्ता प्रसिद्ध केला.

स्त्रियांच्या संस्थांच्या संयुक्त समितीनें युद्धमंत्री वीक्स यांच्याकडे तक्रार केली. तक्त्यांत चुका आहेत हें मान्य होऊन त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. परंतु तोंवर नकला सर्वत्र गेल्या होत्या, आणि अस्सल रद्द झालें तरी नकला पुढें कित्येक वर्षें फिरत राहिल्या. पोथ्यांच्या संग्राहकांस या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं.

या तक्त्यांत खोटें काय होतें? नांवें खरीं होतीं, संस्था खऱ्या होत्या, कित्येक स्त्रिया एकाच वेळीं दोन-तीन संस्थांच्या सभासद होत्या हेंही खरें. खोटी होती ती फक्त रेघ. दोन संस्थांत एकच व्यक्ति आढळली म्हणजे त्या दोन संस्था एकाच हाताच्या आहेत, असें ती रेघ न बोलतां सांगत होती. याच न्यायानें पाहूं गेल्यास एका गांवचें देवस्थान, तालीम आणि पतपेढी या तिहींच्या पंचांत एकच पाटील असला, कीं तिघांचाही एक कट ठरेल!

२. खरी हेरगिरी

येथवरची हकीकत ऐकून, कटाचा संशय म्हणजे केवळ भ्रम, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकेल. पुढील अर्धशतकांत खरोखरचे कट उघडकीस आले.

१९६७ च्या फेब्रुवारींत 'रॅम्पार्ट्स' या मासिकामुळें असें बाहेर पडलें कीं, अमेरिकेंतील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेस सी. आय्. ए. ही सरकारी गुप्तवार्ता संस्था कित्येक वर्षें छुपेपणें पैसा पुरवीत होती. हा पैसा धर्मादाय निधींच्या नांवावर फिरवून दिला जात असे.

पुढें ता. ८ मार्च १९७१ च्या रात्रीं पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील मीडिया या लहानशा गांवीं एफ्. बी. आय्. या संघ-सरकारच्या तपास संस्थेची कचेरी फोडून कांहीं नागरिकांनीं हजारावर कागद नेले व वृत्तपत्रांकडे धाडले. हीं माणसें कोण, हें २०१४ पर्यंत जगास कळलें नव्हतें. त्या कागदांपैकीं एका टांचणांत अशी सूचना होती कीं, चळवळींतील लोकांच्या मुलाखती वाढवाव्या, म्हणजे त्यांच्या मनांतील संशय बळावेल व प्रत्येक टपालपेटीमागें आपला हेर उभा आहे असें त्यांस वाटूं लागेल. संशय हेंच येथें शस्त्र होतें. हेर प्रत्यक्ष असण्यापेक्षां तो असेल असें वाटणें सरकारास अधिक स्वस्त पडत होतें.

यानंतर सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालीं सिनेटची चौकशी समिति नेमली गेली व तिचा अखेरचा अहवाल १९७६ च्या एप्रिलमध्यें निघाला. स्त्रीमुक्तीच्या चळवळीवरही बातमीदार ठेवलेले होते, हें त्यांत नमूद आहे. एका वृत्तांतांत सभेस आलेल्या प्रत्येक स्त्रीचें नांव होतें. दुसऱ्यांत, आपणांस कसकसा जाच झाला तें प्रत्येकीनें सांगितलें, अशी नोंद होती. तिसऱ्या एका वृत्तांतानें असा निष्कर्ष काढला कीं, नुसती पत्नी व माता म्हणून जगण्याच्या कंटाळवाण्या आयुष्यांतून स्त्रियांस सोडविणें हा या चळवळीचा हेतु आहे. आणि तरीही पाळत चालू ठेवण्याची शिफारस केली! तेव्हां आपल्या सभेंत कोणी परका कान लावून बसला आहे, ही त्या स्त्रियांची शंका कल्पित नव्हती.

३. १९७५ चा आरोप

अशा हवेंत १९७५ च्या मे महिन्यांत 'रेडस्टॉकिंग्ज' नांवाच्या गटानें न्यूयॉर्क येथें एक विस्तृत निवेदन प्रसिद्ध केलें. हा गट १९६९ सालीं स्थापन झालेला, चळवळीच्या आद्य प्रवर्तकांपैकीं. त्यांचा रोख ग्लोरिआ स्टायनेम या प्रख्यात लेखिकेवर व १९७२ पासून नियमित निघूं लागलेल्या तिच्या 'मिझ' मासिकावर होता.

निवेदनाचा पहिला भाग अस्सल होता. १९५९ सालीं व्हिएन्ना येथें व १९६२ सालीं हेलसिंकी येथें साम्यवादी पक्षाच्या पुढाकारानें जागतिक युवक-महोत्सव भरले. तेथें साम्यवादी नसलेले अमेरिकन तरुण धाडण्यासाठीं जी संस्था काढली, तिच्या संचालिका स्टायनेम होत्या, व तिचा पैसा सी. आय्. ए. कडून येत होता. ही गोष्ट त्यांनीं स्वतः १९६७ सालीं वृत्तपत्रांपुढें कबूल केली, आपणांस तें ठाऊक होतें असें सांगितलें, व त्या कामाचें समर्थनही केलें. आरोपिताची स्वतःची जबानी उपलब्ध असल्यावर आणखी पुरावा कशास हवा?

परंतु निवेदन तेथें थांबलें नाहीं. तो संबंध पुढेंही चालू राहिला, आणि चळवळीची मूळ धार बोथट करण्यासाठींच 'मिझ' मासिक पुढें आणलें गेलें, असा त्याचा दुसरा भाग होता. यास आधार म्हणून मासिकाचें भांडवल, जाहिराती, संचालकांचे परिचय व लेखांचें सौम्य धोरण हीं दाखविलीं होतीं. गुप्तवार्ता संस्थेनें मासिक काढविलें असें सांगणारा कागद मात्र त्यांत नव्हता. स्टायनेम यांनीं ऑगस्ट १९७५ मध्यें लेखी उत्तर देऊन तो आरोप नाकारला.

न्यायशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असलेलें उदाहरण येथें लागू पडतें. जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति खरी. पण जेथें अग्नि तेथें धूर, ही उलट व्याप्ति खरी नाहीं. तिला ओल्या लांकडाचा उपाधि लागतो, नाहीं तर तापलेल्या लोहगोलाशींही धूर दिसला असता. व्हिएन्नाचा पैसा हा अग्नि सिद्ध झाला होता. त्यावरून 'मिझ'चा धूर अनुमानानें काढतां येत नाहीं. त्यासाठीं मधल्या दशकाचा स्वतंत्र पुरावा पाहिजे होता.

याचा अर्थ रेडस्टॉकिंग्जची तक्रार पोकळ होती असें नव्हे. ज्या स्त्रियांनीं चळवळीचें बीज पेरलें त्या मागें पडल्या, भांडवलाच्या आधारानें निघालेल्या मासिकाचा आवाज मोठा झाला, आणि सर्व जग त्या आवाजासच चळवळ समजूं लागलें, हें त्यांचें दुःख खरें होतें. त्याच उन्हाळ्यांत व्हर्माँट येथील 'सागारिस' या स्त्रीवादी शिक्षणसंस्थेंत 'मिझ' निधीचें अनुदान घ्यावें कीं नाहीं यावरून फूट पडली, यावरून प्रश्नाची तीव्रता कळून येईल. पैसा कोणाचा घ्यावा हा वादाचा योग्य विषय होता. पण वाद जिंकण्यास वेळ लागतो, आणि कट सिद्ध झाला कीं वादाची गरजच उरत नाहीं. हाच कटकथेचा मोह होय.

१९७८ सालीं रँडम हाउस या प्रकाशकांनीं रेडस्टॉकिंग्जचा ग्रंथ संक्षेपानें काढला. त्यांत हें प्रकरण गाळलेलें होतें. संग्राहकांस निराळें सांगावयास नको कीं, गाळलेलें पान हेंच पुढें सर्वांत अधिक शोधलें जातें. उत्तर देण्यानें जो संशय कमी झाला असता तो गाळण्यानें वाढला.

४. लिंगभावाचा वाद आणि 'घुसखोर' हा शब्द

आतां दोन-तीन वर्षें मागें जाऊन याच चळवळींतील दुसऱ्या वादाकडे वळूं. शरीराचें लिंग आणि मनाचा लिंगभाव हे निरनिराळे मानण्याची परिभाषा विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकांत रूढ झाली. 'लिंगभाव-ओळख' हा शब्द रॉबर्ट स्टोलर या मनोविश्लेषकानें १९६४ च्या सुमारास चालू केलेल्यांपैकीं आहे. जन्मतः पुरुष गणली गेलेली, पण स्वतःस स्त्री मानून स्त्री म्हणून जगणारी व्यक्ति, जिला आज पारलिंगी स्त्री म्हणतात, ती स्त्रियांच्या सभेंत बसूं शकते काय, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

यावर स्त्रीवादांतच दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें: स्त्रीचें दास्य तिच्या शरीरावरून व जन्मापासूनच्या वळणावरून ठरतें, ज्यानें बालपण पुरुष म्हणून काढलें त्यास तें दास्य ठाऊक नाहीं, आणि स्त्रियांस केवळ आपली अशी जागा राखण्याचा हक्क आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें: शरीर हें स्त्रीचें विधिलिखित नव्हे, हाच तर स्त्रीवादाचा पहिला पाठ, जी स्त्री म्हणून जगते ती स्त्रीची अवहेलनाही सोसते, मग तिला दाराबाहेर उभें करणें म्हणजे शरीरास पुन्हा विधिलिखित ठरविणें होय. दोन्ही पक्षांचीं मुळें एकाच शास्त्रांत आहेत. सिमोन द बोव्हुआर यांच्या १९४९ च्या ग्रंथाचा आधार दोन्हींकडून घेतला जातो. एकाच सूत्रावर दोन भाष्यें व्हावीं तसा हा प्रकार आहे, आणि भाष्यकारांचा मतभेद म्हणजे कट नव्हे.

परंतु घडलें निराळें. बेथ एलिअट ही पारलिंगी स्त्री 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या, १९५५ सालीं स्थापन झालेल्या समलिंगी स्त्रियांच्या संस्थेच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेची उपाध्यक्षा होती. १९७२ सालीं मतदान होऊन तिला संस्थेंतून वगळण्यांत आलें. पुढें एप्रिल १९७३ मध्यें लॉस अँजेलिस येथें समलिंगी स्त्रियांची मोठी परिषद भरली. एलिअट तिच्या आयोजकांपैकीं एक होती व तेथें गाणार होती. तिच्याविरुद्ध पत्रकें वांटलीं गेलीं, सभेंत गोंधळ झाला, मत घेतलें गेलें, आणि तिनें गावें असें बहुमत पडलें. तथापि परिषदेच्या मुख्य भाषणांत रॉबिन मॉर्गन या लेखिकेनें तिला संधिसाधु व घुसखोर ठरविलें.

'घुसखोर' हा शब्द आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. मीडिया येथील कचेरी फुटून दोनच वर्षें झालीं होतीं. सभेंत हेर शिरतात ही गोष्ट सिद्ध होती, आणि त्या अर्थानें घुसखोर म्हणजे सरकारचा माणूस. तोच शब्द आतां अशा व्यक्तीस लावला गेला, जी स्वतःच्या नांवानें, सर्वांच्या देखत, निवडून आलेल्या पदावर काम करीत होती. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला, पण पहिल्या अर्थाची धास्ती दुसऱ्या अर्थासही चिकटली. ज्यांस तिचें सभासदत्व अमान्य होतें त्यांस तसें म्हणण्याचा अधिकार होता, व त्यांनीं आपलीं कारणेंही दिलीं. परंतु अमान्यतेऐवजीं घुसखोरीचा शब्द वापरला, कीं समोरच्याचें म्हणणें ऐकण्याचें प्रयोजनच नाहींसें होतें. हेराशीं कोण वाद घालतो?

पुढचें प्रकरण 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स'चें. ध्वनिमुद्रिका काढणारी ही संस्था १९७३ सालीं केवळ स्त्रियांनीं स्थापिली. तिच्यांत सँडी स्टोन ही पारलिंगी स्त्री ध्वनिमुद्रणाचें काम पाहत असे. १९७७ सालीं 'सिस्टर' या नियतकालिकांत २२ स्त्रियांच्या सह्यांचें एक अनावृत पत्र आलें. स्त्रियांस जें काम शिकण्याची संधि मिळत नाहीं तें काम पुरुष म्हणून शिकलेल्या व्यक्तीस दिलें, व ही गोष्ट ग्राहकांस सांगितली नाहीं, अशी त्यांत तक्रार होती. संस्थेनें उत्तर दिलें कीं, स्टोन कोण हें आम्हांस प्रथमपासून ठाऊक आहे. तिचें काम व वर्तन पाहून आम्हीं तिला घेतलें. आरोप आणि उत्तर दोन्ही सुसंस्कृत भाषेंत मांडलेलीं आहेत, व दोहोंतही विचार करण्याजोगा भाग आहे. पण बहिष्काराच्या धमक्या येऊं लागल्या, आणि संस्था संकटांत येऊं नये म्हणून स्टोन थोड्याच काळांत तेथून बाहेर पडली.

५. 'साम्राज्य' आणि एकाच मातृकेच्या प्रती

१९७९ सालीं जॅनिस रेमंड यांचा पारलिंगी 'साम्राज्या'वरील ग्रंथ निघाला. त्यांत हा प्रश्न व्यक्तींपुरता न ठेवतां एका मोठ्या यंत्रणेवर नेला आहे: पुरुषप्रधान वैद्यकशास्त्र शस्त्रक्रियेनें कृत्रिम स्त्रिया घडवीत आहे, त्यायोगें स्त्रीत्वाचे जुने सांचे टिकविले जात आहेत, आणि अशा व्यक्ति स्त्रियांच्या जागांत शिरून तेथें फूट पाडीत आहेत. ऑलिव्हियाचें प्रकरण त्यांनीं याचेंच उदाहरण म्हणून दिलें आहे.

या उपपत्तींतही एक अस्सल कागद आहे, तो आधीं मान्य केला पाहिजे. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठानें १९६६ सालीं जें लिंगभाव-चिकित्सालय काढलें व १९७९ सालीं बंद केलें, तेथें आणि तशाच इतर ठिकाणीं डॉक्टर मंडळी अर्जदारांकडून अगदीं जुन्या वळणाच्या स्त्रीत्वाची अपेक्षा करीत. पेहराव, चालणें-बोलणें, पुरुषाशीं विवाहाची इच्छा, हें सारें पाहून निवड होई. वैद्यक जुन्या सांच्यांचें रक्षण करीत होतें, हें रेमंड यांचें विधान येथपर्यंत खरें आहे.

परंतु यंत्रणा माणसें घडवीत होती, हें विधान कालगणनेच्या कसोटीस उतरत नाहीं. १९५२ च्या डिसेंबरांत ख्रिस्टीन जॉर्गेन्सन या अमेरिकन व्यक्तीच्या, डेन्मार्कमध्यें झालेल्या, लिंगांतराची बातमी वृत्तपत्रांत आली. त्यानंतर तिचे डॉक्टर ख्रिश्चन हॅम्बर्गर यांच्याकडे निरनिराळ्या देशांतील लोकांचीं विनंतीपत्रें येऊं लागलीं. १९५३ सालीं त्यांनीं अशा ४६५ व्यक्तींच्या पत्रांवर निबंध प्रसिद्ध केला. बातमीनें त्यांस आशा दिली असेल, परंतु अमेरिकेंतील चिकित्सालयें तेव्हां अस्तित्वांतच नव्हतीं. तीं निघावयास अजून तेरा वर्षें होतीं. आणि निघाल्यावरही त्यांचें वर्तन साम्राज्य वाढविणाऱ्याचें नव्हतें. अर्ज पुष्कळ येत, शस्त्रक्रिया अगदीं मोजक्या होत. दारावरून परत जाणाऱ्यांचीच संख्या मोठी असे. कार्य कारणाच्या आधीं आलें असेल तर तें कारणच नव्हे.

सँडी स्टोन यांनीं या ग्रंथास १९९१ सालीं छापलेल्या निबंधानें उत्तर दिलें. त्यांतील एक माहिती पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस फार मोलाची वाटेल. हॅरी बेंजामिन या डॉक्टरांचा पारलिंगी व्यक्तींवरील ग्रंथ १९६६ सालीं निघाला व तो चिकित्सालयांत प्रमाण मानला गेला. मुलाखतीस येणाऱ्यांच्या हकीकती त्या ग्रंथांतील वर्णनाशीं तंतोतंत जुळत, आणि इतक्या स्वतंत्र साक्षींवरून ग्रंथ खरा ठरतो असें डॉक्टरांस वाटे. कांहीं वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अर्जदारांनींही तोच ग्रंथ वाचलेला असे. तो त्यांच्यांत हातोहात फिरत होता, आणि काय सांगितलें असतां आपली निवड होईल हें त्यांस पाठ होतें.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. सुकथनकर यांनीं जें तत्त्व पाळलें, तेंच येथें लागू आहे. एका मातृकेवरून उतरलेल्या वीस पोथ्या म्हणजे वीस साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष. डॉक्टरांनीं प्रती मोजल्या, कुळ पाहिलें नाहीं. आणि हाच दोष कटाची उपपत्ति मांडणाऱ्यांतही आढळतो. दहा जण एकच आरोप दहा ठिकाणीं लिहितात, प्रत्येक जण दुसऱ्याचा हवाला देतो, आणि वाचकास वाटतें कीं दहा पुरावे झाले. शोधत मागें गेलें कीं शेवटीं एकच पत्रक हातीं लागतें.

तथापि या निबंधावरून आणखी एक गोष्ट दिसून येते. चिकित्सालयांनीं स्त्रीत्वाचा जुना सांचा लादला, या मुद्द्यावर स्टोन व रेमंड यांचें जवळजवळ एकमत आहे! एकमेकींच्या कट्टर विरोधक असलेल्या दोघींस एकच वस्तुस्थिति दिसली. कटाची भाषा मध्यें नसती तर या समान भूमीवर दोन्ही पक्षांचा कांहीं संवाद झाला असता.

६. आजचे कागद

हा वाद संपलेला नाहीं, आणि कटाचे आरोपही संपलेले नाहींत. आतां ते दोन्ही बाजूंनीं होतात.

एक बाजू म्हणते कीं, मूठभर धनिकांच्या पैशांतून हें सारें उभें केलें गेलें आहे. यांतील अस्सल कागद असा कीं, अशा देणग्या खरोखर आहेत. उदाहरणार्थ, कॅनडांतील व्हिक्टोरिया विद्यापीठांत २०१६ सालीं पारलिंगी-अभ्यासाचें जें अध्यासन निघालें, त्यास जेनिफर प्रिट्झकर यांच्या निधीची देणगी आहे, व ती जाहीर आहे. दुसरी बाजू म्हणते कीं, विरोध करणाऱ्या स्त्रीवादी संस्था म्हणजे सनातनी ख्रिस्ती पक्षाचीं बाहुलीं आहेत. येथेंही अस्सल कागद आहे: अमेरिकेंतील 'वुमेन्स लिबरेशन फ्रंट' या संस्थेनें 'अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम' या सनातनी कायदेसंस्थेकडून एकदां अनुदान घेतलें होतें. पहिल्या कागदानें पारलिंगी व्यक्तींचें अस्तित्व कृत्रिम ठरत नाहीं. दुसऱ्यानें स्त्रीवाद्यांचें मत विकत घेतलेलें ठरत नाहीं. देणगीची नोंद देणगी झाली एवढेंच सांगते. देणारा व घेणारा यांचीं मतें देणगीच्या आधींची कीं नंतरचीं, हें निराळ्या कागदांवरून पाहावें लागतें.

२०१९ च्या अखेरीस युरोपांतील एका युवक-संघटनेनें कायदेपंडितांच्या साहाय्यानें एक अहवाल काढला. अल्पवयीनांच्या लिंगभावास कायदेशीर मान्यता मिळविण्याच्या मोहिमा कशा चालवाव्या, याचें त्यांत मार्गदर्शन होतें. वृत्तपत्रांत फार गाजावाजा होऊं देऊं नये, व आपली मागणी अधिक लोकप्रिय सुधारणेशीं जोडावी, असाही त्यांत सल्ला होता. विरोधकांनीं त्यास कटाचा पुरावा म्हणून पुढें आणलें. सार्वजनिक प्रश्नावर लोकचर्चा टाळण्याचा सल्ला आक्षेपार्ह आहे असें कोणी म्हणेल तर तें योग्यच होईल; तो आक्षेप कागदाच्या अक्षरांवर उभा आहे. परंतु तो अहवाल संघटनेनें स्वतःच्या नांवानें उघड प्रसिद्ध केला होता. जो आपला कट छापून वांटतो त्याला मुत्सद्दी म्हणावें, अदूरदर्शी म्हणावें. गुप्त कटवाला म्हणतां येणार नाहीं.

याउलट, मतभेद मतभेद म्हणून कसा मांडावा याचें उदाहरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयांत सांपडतें. ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, २०१० च्या समता-कायद्यांतील 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जन्मतः स्त्री असाच आहे. त्याचबरोबर पारलिंगी व्यक्तींस त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानें संरक्षण आहे हेंही सांगितलें. निर्णय एका पक्षास गोड व दुसऱ्यास कडू लागला, आणि त्यावरील वाद चालूच आहे. पण तेथें प्रश्न होता एका शब्दाच्या अर्थाचा, आणि तो पूर्वापर-संदर्भ लावून, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नोंदून सोडविला गेला. निर्णय मान्य नसणाऱ्यासही त्याचें कोणतें पाऊल चुकलें हें बोट ठेवून दाखवितां येतें. कटकथेंत असें बोट ठेवण्यास जागाच नसते. तिच्याविरुद्धचा प्रत्येक पुरावा कटाचाच भाग ठरतो.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून कांहीं साधे नियम निघतात. अस्सल कागद त्याच्या अक्षरांत आहे तेवढेंच सिद्ध करतो. एका कटाची सत्यता दुसऱ्या कटास उसनी देतां येत नाहीं. साक्षी मोजण्यापूर्वीं त्यांची कुळी पाहावी. आणि जेथें मतभेदानें घटनेचा पुरेसा उलगडा होतो तेथें कटाची कल्पना आणूं नये. तर्कशास्त्रांत जिला गौरवदोष म्हणतात तो हाच. मल्लिनाथानें निराधार कांहीं न लिहिण्याची जी प्रतिज्ञा केली, ती काव्यावरील टीकेइतकीच अशा वादांतही पाळण्याजोगी आहे.

लिंगभावाच्या मूळ प्रश्नावर आम्हीं येथें निकाल दिलेला नाहीं. तो इतिहासाच्या कागदांवरून लागणाराही नाहीं. परंतु त्या वादांत कोणी हेर म्हणून, कोणी भाडोत्री म्हणून बाजूस सारले गेले, त्यांपैकीं किती जणांविरुद्ध खरोखर कागद होता, हें सांगणें मात्र संशोधकाचें काम आहे. बेथ एलिअट हिच्यावरील आरोप लाखों शब्दांत फिरला. सभेनें तिच्या बाजूनें मत दिलें होतें ही ओळ फारच थोड्या ठिकाणीं आढळते.

म्हणून संग्राहकांस एक विनंती आहे. अशा चळवळींचीं पत्रकें, सभांचे वृत्तांत, अनावृत पत्रें आपल्याकडेही घरोघर पडलेलीं आहेत, व तीं लौकरच रद्दींत जातील. तीं जमवितांना आरोपाचें पत्रक मिळालें कीं समाधान मानूं नये. त्याचें उत्तर शोधावें. आरोप मोठ्या टाइपांत छापला जातो व जपला जातो, उत्तर बहुधा टंकलिखित असतें व हरवतें. दोन्ही मिळालीं म्हणजे तीं एकाच रुमालांत बांधून ठेवावीं, आणि सूचींतही त्यांची नोंद शेजारीं-शेजारीं करावी.